कुठला मासा?

माणसाच्या एकाच पेशीतली प्रथिनं ओळखायची होती, आणि यंत्र दरवेळी सांगायचं, यात मासा आहे. प्रयोगशाळेच्या सरांनी नुसतं हाताखालच्या विनिताच्या जेवणाच्या डब्याकडे बघितलं. काशीदच्या कोळीवाड्यातली पोर ती, तिला त्या बघण्याचा अर्थ बरोबर कळला.

तिने मासे सोडले. हात धूऽधू धुतले, पार सालपटं निघेपर्यंत. आवडाबाई, तिची आई, सुकं म्हावरं घेऊन प्रयोगशाळेच्या फाटकाशी आली, तर विनिताने तिला बाहेरूनच परत धाडलं. "जवळ नको येऊस गं आई. तुझं काहीतरी लागेल माझ्या कपड्यांना."

तरी मासा जाईना. विनिताला ना जेवण गोड लागे, ना झोप. शेवटी ती इरेला पेटली. निरनिराळ्या माशांची प्रथिनं तिने यंत्राला ताडून बघायला लावली. उत्तर आलं: कॉड. बर्फाळ समुद्रातला मासा, तिच्या बापाच्या जाळ्याने जन्मात न पाहिलेला. इवलीशी पेशी नळीला चिकटून वाया जाऊ नये म्हणून सर जे परदेशी द्रावण घालत, ते त्याच माशाच्या कातडीपासून केलेलं होतं.

"अरे वा, सापडला एकदाचा!" सर हसले आणि चहाला गेले.

विनिताने आईला फोन लावला. ती तोंड उघडणार, तोच पलीकडून घाईघाईने आवाज आला, "त्या दिसापास्नं म्हावऱ्याला हात लावला न्हाय मी. आता येऊ का गो?"