खाणीतला अल्बानिया

चाकणजवळच्या दगडखाणीत आम्ही वेब सिरीजसाठी अल्बानियाचं एक गाव उभं केलं होतं. सीन १९१० सालचा. गावकरी तुर्की सुलतानाविरुद्ध उठतात, सैन्य त्यांचं बंड चिरडतं आणि चौकात एकेकाला फटके मारतं. गावकरी म्हणून ठेकेदाराने एका कंपनीतले, संपात नोकरी गेलेले वीस कामगार आणले आणि सैनिक म्हणून त्याच कंपनीच्या गेटवरचे सिक्युरिटी गार्ड.

“महारुद्रभाऊ, मार खायची एकदा रिहर्सल करून घेऊ,” मी त्यातल्या एका कामगाराला म्हणाले.

“कशाला, मॅडम?” गावकऱ्याची पांढरी लोकरी टोपी डोक्यावर चढवत तो गार्डांकडे बघून म्हणाला. “गेल्या महिन्यात गेटवर ह्यांनीच घेतली की.”

मी हसले आणि कॅमेरा सुरू करायला सांगितला.

चाबूक सुताचा होता. पण नवनाथ गार्डने सोबत महारुद्रच्या बरगडीत बुटाची खरी लाथ घातली आणि म्हणाला, “पर्मनंट व्हायचंय नव्हं तुला?” महारुद्रने चाबूक मनगटाला गुंडाळून त्याला खाली ओढलं. मग वीसच्या वीस जण उठले. लाकडी बंदुका पाठींवर मोडल्या, कुणाचे दात धुळीत पडले, नवनाथचं नाक फुटलं. मी घसा फाटेस्तोवर ‘कट, कट’ ओरडत होते. तुर्की सेनापती पाशाचं काम करणारा नट व्हॅनिटी व्हॅनमध्ये आतून कडी लावून बसला. शेवटचा सैनिक रक्ताळलेलं तोंड धरून हायवेकडे पळाला.



इतिहासात अल्बानिया १९१२ साली स्वतंत्र झाला. आमच्या खाणीत तो दोन वर्षं आधीच झाला.