काळं पायपुसणं

भिंत सूतभर कलली तरी लांबून ओळखणारे मिस्त्री आता मागच्या दारातल्या काळ्या पायपुसण्याला घाबरत. कंपवातानं हात थरथरायचे ते एक वेळ परवडलं, पण डोळेही फितूर झाले होते. ते पायपुसणं त्यांना तळ नसलेल्या खड्ड्यासारखं दिसे आणि उंबऱ्यावरच पाय रुतून बसे.

"बाबा, खड्डा नाही हो तो. जमिनीतल्या टाकीच्या झाकणावर पायपुसणं टाकलंय," सून रोज त्यांचा हात धरून सांगायची. "डोळ्यांचं ऐकू नका, माझं ऐका. एक, दोन, तीन म्हणा आणि बिनधास्त पाय टाका."

पंधरा दिवस सासऱ्या-सुनेची ही शाळा चालली होती. आज अंगणात छान ऊन पडलेलं पाहून मिस्त्री एकटेच मागच्या दाराशी आले. समोर तोच काळा चौकोन आ वासून पडला होता.

"आज नाही फसायचो," ते स्वतःशीच पुटपुटले. "एक, दोन, तीन." रुतलेला पाय सुटला आणि पुढे पडायला निघाला.

तेवढ्यात त्यांना समोरच्या दोरीवर वाळत घातलेलं पायपुसणं दिसलं. काळं, नुकतंच धुतलेलं, टपटप गळणारं. आणि खालून, टाकी घासायला उतरलेल्या मुलाचा आवाज घुमला, "बाबा, थांबा."

रोज उंबऱ्यावर रुतून बसणारा पाय आज काही केल्या थांबेना.