खडूच्या खुणा

"तोंड उघडायचं नाही," आत्या म्हणाली. मशीनवरचा अर्धा शिवलेला कोट बाजूला सारून तिने कागद पुढ्यात ओढले. भाचीने ऑफिसातून छापून आणलेली तीन पानं होती ती. "मी वाचते. जिथे अडेन तिथे खूण करते. तू नुसती बस."

भाची कापड बेतायच्या टेबलाशी स्टुलावर बसली. सॉफ्टवेअर लिहिणं हे तिचं काम होतं आणि ते तिला चांगलं येत होतं. सांगणं येत नव्हतं. दवाखान्यांत भेटीची वेळ नोंदवणाऱ्या प्रोग्राममध्ये एक चूक दडली होती. ती तिने दोन मीटिंगांत सांगून पाहिली. दोन्ही वेळा सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय पुढे गेला. "तुझं बोलणं मशीनला कळतं, माणसांना नाही," टीमचे प्रमुख म्हणाले होते, तेही मायेनेच. "ब्लॉग सुरू कर. लिहून लिहून जमेल." ब्लॉगला आता नाव होतं, कोपऱ्यात तिचा फोटो होता. लेख मात्र एकही नव्हता. हा पहिला. आज शुक्रवार होता, आणि सोमवारी प्रोग्राम चालू होणार होता, चुकीसकट.

आत्याने कापडावर खुणा करायचा रंगीत खडू उचलला. पहिली खूण दुसऱ्याच ओळीत पडली.

"आत्या, त्याचा अर्थ—"

"श्श."

"अगं, पण ते अगदी सोपं आहे, तिथे फक्त—"

"वाचणाऱ्या प्रत्येकाच्या शेजारी अशी स्टूल टाकून बसणार आहेस का?"

खिडकीपाशी काजं करत बसलेल्या, दुकानात कामाला असलेल्या मावशींना हसू आवरेना. त्यांनी दोरा दाताने तोडण्याचं निमित्त केलं. भाचीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. खडू कागदावर करकरत राहिला. पहिलं पान संपेतो ते बेतलेल्या कापडासारखं दिसू लागलं होतं. दुसऱ्या पानावर तर आत्याने एक सबंध परिच्छेद एका फटक्यात आडवा केला. हा परिच्छेद भाचीने चार वेळा लिहिला होता.

तिसऱ्या पानाच्या तळाशी खडू थांबला.

"हे कळलं," आत्या म्हणाली आणि मोठ्याने वाचू लागली. "'साडेदहाची वेळ मोकळी आहे असं एका बाईंना दिसतं. त्याच क्षणी दुसऱ्या गावातल्या एका गृहस्थांनाही दिसतं. दोघंही बटण दाबतात.' म्हणजे दोघांनाही साडेदहा?"

"हो."

"आणि मग दवाखान्याच्या दारात दोघांची जुंपणार."

"हो! तेच तर मी—"

"मग हे तळाशी का लपवलंस?" आत्याने मशीनवरचा कोट उचलला आणि आतली बाजू बाहेर काढून तिच्यासमोर धरला. टाके, गाठी, लोंबते दोरे. "असा देऊ का गिऱ्हाइकाला? टाके लागतातच, पण ते आत. तू आधी दोन पानं टाकेच दाखवत बसलीस."

"आपल्याकडे झालं होतं की हे," मावशी सुईवरची नजर न काढता म्हणाल्या. "ते निळं कापड. एकाच कोटाचं उरलं होतं. तुम्ही एकाला हो म्हणालात, मी दुसऱ्याला."

"आठवण नका काढू. दोघं इथेच उभे राहून भांडले," आत्या म्हणाली. "तेव्हापासून नेम आहे. आधी कापडाला चिठ्ठी टाचायची, मग गिऱ्हाइकाला हो म्हणायचं."

भाचीने फळीकडे पाहिलं. तीन-चार ताग्यांना चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या. लहानपणापासून ती त्या बघत आली होती. दुसऱ्या पानावरच्या त्या आडव्या केलेल्या परिच्छेदात तिला नेमकं हेच म्हणायचं होतं: आधी वेळ अडवायची, मग माणसाला हो म्हणायचं.

तिने कापड बेतायच्या खाकी कागदाचा एक तुकडा फाडला आणि पेन्सिल मागितली. आत्या कोटाची बाही लावायला बसली. बाही लागली, दुसरीही लागली, तरी टेबलावर पेन्सिल चालूच होती. मग भाचीने कागद पुढे केला. एकच पान. वर साडेदहाची वेळ, खाली निळं कापड, शेवटी चिठ्ठी आणि सोमवारची मुदत.

आत्याने वाचायला घेतलं. खडू एकदा उचलला गेला, हवेतच थांबला आणि तसाच खाली आला. शेवटच्या ओळीनंतर तिने तो डब्यात टाकला आणि कागद मावशींकडे दिला.

मावशींनी ओठ हलवत सगळं वाचलं. "एवढंच?" त्या म्हणाल्या. "मग आधी चिठ्ठी टाचायला सांगा ना तुमच्या ऑफिसातल्यांना. सोमवारच्या आत होईल की."

भाचीने तोंड उघडलं. सांगण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. तिने ते मिटलं आणि पिशवीतून लॅपटॉप काढला.

तयार कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्यांतली एक आत्याने घेतली आणि त्या खाकी कागदाच्या कोपऱ्याला टाचली.

"गिऱ्हाइकाचं नाव काय लिहू?"

"पहिलं आमच्या प्रमुखांचं लिही," भाची टाइप करता करता म्हणाली. "खालची जागा ब्लॉग वाचणाऱ्यांसाठी मोकळी ठेव."