खिंडीतला दीड तास

"परत लाव हवा," माऊली म्हणाला. "मला नीट बघू दे."

कुंडलिकनं पहिल्या सिलिंडरच्या भोकात बसवलेल्या नळीचा कॉक पुन्हा उघडला. कॉम्प्रेसरची हवा आत गेली. गळती दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा थरथरला आणि आठावर येऊन थांबला.

"आठ टक्के हवा गळतीय," तो म्हणाला. "एवढी चांगल्या इंजिनातबी गळती. तीस-चाळीसच्या वर गेली तर समजायचं, आतून झिजलंय."

माऊलीनं आकडा मोबाईलमध्ये लिहून घेतला.

कामथडीला हायवेलगत कुंडलिकचं गॅरेज होतं. वेल्ह्याच्या वरच्या वस्तीवरून जीप आज सकाळी आली, ती माऊलीनंच चालवत आणली होती. गाडीचा मालक रोहिदास मागं बसून आला होता. आता तो पुढच्या चाकापाशी उभा होता. माऊलीचे वडील हैबती दाराजवळच्या जुन्या टायरवर बसले होते. काठी मांडीवर आडवी. आल्यापासून ते पाणीदेखील प्याले नव्हते.

तीन महिन्यांपूर्वी, वैशाखात, रोहिदास याच जीपमधून माऊलीच्या आईला, ठकुबाईला, पुण्याला घेऊन निघाला होता. सोबत हैबती होते. तिसरं ऑपरेशन ठरलेलं. खाट मिळवायला माऊली चार दिवस दवाखान्यात खेटे घालत होता. त्या दुपारी तो फाटकातच उभा होता. जीप आलीच नाही. वस्तीवरून निघाल्यावर खिंडीत ती दीड तास उभी राहिली आणि ठकुबाई तिथंच गेली. इंजिनानं दम सोडला, असं रोहिदासनं सांगितलं. परत येताना मात्र गाडी सुरू झाली होती.

माऊलीनं आधी डिझेलचा पंप, बॅटरी, स्टार्टर तपासून घेतले. सगळं ठीक निघालं. इंजिनाची आतली झीज तेवढी बघायची राहिली होती.

"झिजलेलं इंजिन असं करतं का?" त्यानं विचारलं.

"करतं. हवा दाबून धरत न्हाई, मग डिझेल पेटत न्हाई. कधी चालतं, कधी चढाला मरतं."

"मग बघ. झीज न्हाई निघाली तर आजच चौकीला जायचंय."

कुंडलिकनं पान्यानं इंजिन फिरवून दुसऱ्या सिलिंडरचा दट्ट्या वर आणला. दहा टक्के. तिसरा, अकरा. रेडिएटरचं झाकण काढून त्यानं पाण्यात बुडबुडे येतात का पाहिलं. पाणी स्थिर होतं. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला. हवा लागली नाही.

"माऊली, चल घरी," हैबती म्हणाले. "आता काय उपेग हाय ह्याचा?"

"आबा, तुमी गप बसा. डॉक्टर म्हणाला, वेळेत आणली असती तर अजून चार-सहा महिने मिळाले असते. चार-सहा महिने, आबा."



चौथ्या सिलिंडरला हवा लावताना कुंडलिकनं रोहिदासकडं पाहिलं. ह्या माणसाला दोन लहान मुली होत्या आणि वस्तीवर दुसरी गाडी नव्हती. दट्ट्याची एक तरी रिंग तुटलेली निघावी, असं कुंडलिकला मनापासून वाटलं. काटा नवावर थांबला.

"ऑइलच्या झाकणाला कान लाव," तो माऊलीला म्हणाला. "रिंगा गेल्या असत्या तर हितं जोरात हवा वाजली असती."

माऊली वाकला. आत अगदी बारीक सळसळ होती. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता.

"सांग आता," तो म्हणाला.

कुंडलिकनं हात पुसले. "इंजिन चांगलंय. आतून काय झीज न्हाई. ह्या इंजिनामुळं गाडी बंद पडली असं म्या म्हणू शकत न्हाई."

माऊली रोहिदाससमोर जाऊन उभा राहिला. "मग का उभी होती?"

"म्या थांबवली," रोहिदास म्हणाला. "धुकं व्हतं. भ्यालो."

"वैशाखात? भर दुपारी धुकं?"

माऊलीनं रोहिदासची कॉलर धरली आणि त्याला जीपवर आदळलं. रोहिदासनं हात वर केला नाही.

"माजी चूक झाली," तो म्हणाला. "चल चौकीला. म्या लिहून देतो."

हैबती काठीवर भार देऊन उठले. सावकाश चालत आले आणि त्यांनी माऊलीचं मनगट धरलं.

"सोड त्याला."

"तुमी गाडीतच होता, आबा. तीन महिने झाले, एका शब्दानं बोलला न्हाई. काय झालं त्या खिंडीत?"

हैबतींनी रोहिदासकडं पाहिलं. रोहिदासनं नकारार्थी मान हलवली.

"तितनं आपली वस्ती शेवटची दिसती," हैबती म्हणाले. "तुज्या आईनं गाडी थांबवाया लावली. ‘माऊलीला सांगू नगा’ म्हणली आन किल्ली मागून घेतली. आन जीव जाईस्तवर तिनं मूठ उघडली न्हाई."