जांभळांवरचं पाणी

शिळफाट्याला तेव्हा नळ आले नव्हते. आमच्या कुंपणाला टेकून वाडीवरची कातकरीण हिरू जांभळं विकायला बसायची आणि ती चकचकीत दिसावीत म्हणून टोपलीवर सारखं पाणी शिंपडायची. माझ्या सासूबाईंची, सोनाबाईंची, ओटीवरून तिच्यावर करडी नजर. "कुठल्या गटारातलं पाणी मारते कोण जाणे! आपल्या विहिरीचं बघ कसं नितळ हाय. पोरांना तिचं काय खाऊ देऊ नको गं," असं त्या मला रोज बजावायच्या.

तरी माझ्या धाकट्यानं गुपचूप खाल्लीच, आणि उलट्या-जुलाबांनी पार गळून गेला. डॉक्टरांनी सलाईन लावलं. सासूबाई दवाखान्यातून तडक हिरूपुढं जाऊन उभ्या राहिल्या. मीही मागोमाग गेले; पोर माझं होतं.

"खरं सांग, कुठलं पाणी मारतेस गं फळांवर?"

हिरू घाबरून उठली.

"तुमच्याच दारातलं, बाय. विहिरीला शिवू देत नाय तुमी, म्हून म्हशी पितात त्या डोणीतलं घेते."