सातपिंपळची घंटा

पुंजारामनं हातोडी उचलली आणि टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले दिले.

बाकावरच्या यमुनाबाईंनी पदर सावरला. मांडीवरची पिशवी सरळ केली.

"निघाली वाटतं मागच्या स्टेशनातून?"

"व्हय बाई. आता येईलच."

गाडी आली आणि आली तशी धडधडत निघून गेली. थांबली नाही. धुळीनं दोघांचेही डोळे बारीक झाले.

"आज लेट हाय," पुंजाराम म्हणाला. "लेट असली की डायवर थांबत न्हाय."

"काल लेट नव्हती. तरी नाही थांबली."

"काल सिग्नलचा घोटाळा व्हता."

"मेलं या रेल्वेचं काही खरं नाही." यमुनाबाईंनी डबा उघडला. "मधू काही आज येत नाही. दशम्या वाया जातील. खाऊन टाका, भाऊ."

पुंजारामनं खाल्ल्या. दुधात मळलेल्या, मऊ. मीठ अगदी बेताचं. मधूला म्हणे पहिल्यापासून मीठ कमीच लागतं. पुंजारामला डॉक्टरनं मीठ कमी करायला सांगितलं होतं, त्यामुळे त्याचंही आपोआप पथ्य व्हायचं.

खरं तर सातपिंपळला आता कुठलीच गाडी थांबत नव्हती. स्टेशन निजामाच्या काळातलं. पुंजारामचा बाप इथंच रूळ बदलणारा पॉइंट्समन होता. पोलीस ॲक्शननंतर पाटीवरची उर्दू अक्षरं पुसून वर मराठी नाव आलं. हिंदूंचा रांजण आणि मुसलमानांचा रांजण वेगळे होते, त्यातला एक फुटला आणि मग सगळे एकाच रांजणाचं पाणी प्यायला लागले. तिकिटाची खिडकी होती, चहाची टपरी होती, सकाळी शहरात कॉलेजला जाणाऱ्या पोरांचा गलका होता. मग रुंद रुळांची मोठी लाइन आली, शहर वाढत वाढत फाटकापर्यंत आलं, आणि गाड्यांना इथं थांबायला सवड उरली नाही. पुंजाराम रिटायर झाला होता. बायको गेली होती. स्टेशनाच्या मागच्या खोलीतून त्याला कुणी हुसकलं नाही, एवढंच.

शेवटची पॅसेंजर बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो हातोडी मांडीवर घेऊन नुसताच बसला होता. तेवढ्यात यमुनाबाई आल्या. मधू हैदराबादला नोकरीला लागल्यापासून त्या अधूनमधून त्याला घ्यायला यायच्या.

"घंटा नाही वाजवली, भाऊ?" त्यांनी विचारलं. "मधू यायचाय ना."

पुंजारामनं मांडीवरच्या हातोडीकडं बघितलं. मग उठून घंटा वाजवली. तेव्हापासून त्या रोज यायला लागल्या आणि तो रोज वाजवायला लागला.

त्यांना स्कूटरवरून एक जण आणून सोडायचा. निळा शर्ट, उन्हासाठी तोंडाला घट्ट बांधलेला रुमाल. फाटकापलीकडच्या लिंबाखाली थांबायचा, कधी जवळ यायचा नाही.

"वरच्या खोलीतला भाडेकरू," यमुनाबाई सांगायच्या. "बोलत नाही फारसा. पण गुणी आहे."

पोटचा पोरगा फिरकत नाही आणि परका माणूस रोज आणून सोडतो, हे बघून पुंजारामचा जीव तुटायचा. मधूला त्यानं लहानाचा मोठा होताना पाहिला होता. चालत्या गाडीतून उडी मारताना हनुवटी फुटली, तेव्हा यानंच डब्बीतल्या चुन्यात हळद कालवून भरली होती. बोटभर वण राहिला पोराला.

आणि आता वाळूजचा भाचा सांडू हटून बसला होता.

"मामा, उद्या ही इमारत पाडायला येनार हायेत," सांडू सकाळीच येऊन म्हणाला होता. "सांजच्याला रिक्षा आणतो. गाठोडं बांधून ठेवा."

"आन् त्या बाईचं?"

"खरं सांगून टाका की. येडी हाय का ती?"

"येडी न्हाय रं. आस हाय तिला. घंटा नाय वाजली तर ती बाई बसल्या जागी संपंल."

"अन् नाय वाजवली तर तुमी काय करसाल?"

पुंजारामनं हातोडी उचलून जागेवर टांगली होती.

आता डबा रिकामा झाला. यमुनाबाई झाकण लावत होत्या, दोनदा लावलं तरी बसेना. सांगायचं म्हणून पुंजारामनं घसा खाकरला.

"काय हो?"

"काय न्हाय. दशम्या लई चांगल्या झाल्या व्हत्या."

"उद्या थोड्या जास्त आणते," त्या म्हणाल्या.

ते ऐकून त्याला तिथं उभं राहवेना. तो फाटक ओलांडून लिंबाकडं गेला. स्कूटरवाला त्याला येताना बघून दचकला आणि किक मारायला लागला.

"थांबा भाऊ. एक काम व्हतं." पुंजारामनं हँडल धरलं. "उद्यापास्नं बाईला हितं आणू नका. मी वाळूजला चाललो भाच्याकडं. हितं गाडी थांबतच न्हाय, लई वर्सं झाली. मी खोटीच घंटा वाजवीत व्हतो. तेवढं त्यांना हळूच सांगा. माझ्याच्यानं व्हत न्हाय."

स्कूटरवाल्यानं किकवरचा पाय काढला.

"आन् त्यांच्या पोराचा ठावठिकाणा असंल तर कळवा. म्हणावं, तुझी आई रोज बाकावर बसती. एकडाव ये."

स्कूटरवाल्यानं लांब बाकाकडं बघितलं. मग रुमाल खाली ओढला. हनुवटीवर बोटभर वण होता.

"काका," तो म्हणाला, "गाडी थांबत नाही हे आईला पहिल्यापासून ठाऊक आहे. हैदराबाद सोडल्यापासून मी रोज वाळूजलाच जातो कामाला. दशम्या तिकडं आणून देत जाईन. आई मीठ कमीच घालते."