चौडीचा घड

पोफळीच्या शेंड्याशी पोचल्यावर मंकाळीनं कमरेला हात लावला. कोयता होता. दोर नव्हता.

खाली सगळे माना वर करून उभे. बागेचे मालक सुब्राय हेगडे, हातात पितळी ताट, ताटात नारळ. त्यांच्या शेजारी तिमण्णा, आसपासच्या दहा बागांची सुपारी उतरवणारा गडी. आणि बांधावर बसलेला तिचा बाप, बोम्मू गौडा. चाळीस वर्षं ही बाग बोम्मूनं उतरवली. एका पोफळीवर चढायचा, घड दोरावरून खाली सोडायचा, शेंडा झुलवून पुढची पोफळ पकडायचा. सकाळी वर गेलेला माणूस जेवायलाच जमिनीवर. गेल्या वर्षी गुडघा गेला, आणि लेकीनं शिरसीला आठ दिवस राहून यंत्र शिकून घेतलं.

यंत्र कसलं, दोन लोखंडी पावट्या. प्रत्येकीला तारेच्या दोराचा फास, तो खोडाभोवती. एक पाय उचलून पावटी वर सरकवायची, भार दिला की फास खोडाला आवळतो. मग दुसरा पाय. कमरेला पट्टा बांधलेला, म्हणजे जिवाला घोर नाही.

तिमण्णा सकाळपासून चेकाळला होता. "सायकल घेऊन निघाली रे आमची बाई! दर झाडाला चढ आणि उतर, चढ आणि उतर. शिमग्यापर्यंत तरी बाग संपेल ना?"

हेगडे हसले नव्हते, पण बोलले ते रोखठोक. "पहिलं झाड बघतो. चौडीचा घड नीट खाली आला तर बाग तुझी. नाहीतर तिमण्णा आहेच."

चौडी म्हणजे बागेची राखणदारीण, पाटाच्या कडेचा शेंदूर लावलेला दगड. मोसमातला पहिला घड तिचा, आणि तो जमिनीला टेकता कामा नये. दोरावरून खाली यायचा, हेगडे हातांत झेलायचे आणि चौडीपुढं ठेवून नारळ फोडायचे. त्यांच्या बापानं तेच केलं, आजानंही तेच. तोडणारा वरच. बोम्मू खाली येईपर्यंत त्याच्या वाटणीचं खोबरं सुकून त्याला मुंग्या लागलेल्या असायच्या.

"अप्पा!" मंकाळी ओरडली. "दोर खालीच राहिला!"

तिमण्णानं मांडीवर थाप मारली. "घ्या! वरात निघाली आणि नवरी घरी!"

"बोम्मू, अरे बघ कुठाय तो दोर," हेगडे म्हणाले.

"दिसत नाही हेगडेरे," बोम्मू अदबीनं म्हणाला. जागचा हललाही नाही.

मंकाळीला रडूच येणार होतं. आठ दिवस शिकले ते यासाठी? आणि हा बाप असा ढिम्म का बसलाय? खाली उतरून पुन्हा चढायचं म्हणजे तिमण्णाला वर्षभराची चैन. तिनं दात आवळले. मग तिचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं. पाय पावट्यांत घट्ट होते, पट्टा खोडाला होता, आणि दोन्ही हात मोकळे होते. तिमण्णाला वर गेल्यावर कधी दोन्ही हात मोकळे मिळाले होते?

तिनं डाव्या हातानं घड धरला, उजव्यानं देठ तोडला. घड खांद्यावर घेतला आणि डोक्याच्या टॉवेलनं करकचून बांधला.

"अगं, पडशील!" हेगडे ओरडले. "टाक तो खाली!"

"टाकला तर टेकेल, हेगडेरे!"

आणि ती उतरायला लागली. एक पावटी सैल, एक घट्ट. एक सैल, एक घट्ट. सुपाऱ्या मानेला टोचत होत्या. निम्म्यावर आली तेव्हा तिमण्णाचं हसू थांबलं होतं.

ती बुंध्याशी आली तशी हेगड्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि सवयीनं दोन्ही हात पुढे केले. मंकाळीनं ते हात बघितले. मग पाटाकडे बघितलं.

"सहा पावलांवर तर आहे, हेगडेरे. मीच ठेवते."

हेगड्यांचे हात तसेच पुढे राहिले. त्यांनी तिच्या सोलवटलेल्या मानेकडे बघितलं आणि हळूच हात मागे घेतले.

"ठेव, बाई," ते म्हणाले. "देठ पूर्वेला कर."

मंकाळीनं घड ठेवला. तिचा ऊर असा भरून आला की हात जोडायचेही क्षणभर राहिले. हेगड्यांनी नारळ फोडला.

तेव्हा कुठं बोम्मू गौडा गुडघ्यावर हात दाबत बांधावरून उठला. त्याच्या बुडाखाली दोराचं वेटोळं होतं.

"अरे, म्हातारा दोरावर अंडी उबवत बसलाय!" तिमण्णा किंचाळला.

"अप्पा!" मंकाळीनं कमरेवर हात ठेवले. "मुद्दाम केलंस? बाग गेली असती म्हणजे?"

"जात नव्हती. तुला चढताना महिनाभर बघतोय मी." बोम्मूनं दोर झटकला. "चाळीस वर्षं पहिला घड मी तोडला. चौडीपुढं ठेवताना माणसाचं तोंड कसं होतं, ते एकदाही बघितलं नव्हतं. वरनं हेगडेरेंचं टक्कल तेवढं दिसायचं."

हेगड्यांचा हात नकळत डोक्याकडे गेला. मग त्यांनी खोबऱ्याचा पहिला तुकडा मंकाळीला दिला. तिनं तो बापाच्या तळहातावर ठेवला. नारळाचं पाणी अजून त्यावरून निथळत होतं.

बोम्मूनं तुकडा तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ चावत राहिला.

"ओलं असतं होय हे," तो म्हणाला.